दुसऱ्याच्या जमिनीचा भाव विचारायचा नाही

"तुमचं बरं आहे, गोव्यात राहता, कसलं टेन्शन नाही." पुण्या-मुंबईचे पाहुणे दर खेपेला हे ऐकवतात. त्यांना एकदा संध्याकाळी पणजीहून फोंड्याला येताना भोमच्या ट्रॅफिकमध्ये बसवायला हवं. समुद्र काही कोणाचं ब्लडप्रेशर उतरवत नाही, आणि आम्हा फोंडेकरांना तो रोज दिसतही नाही.

तरी मी बऱ्यापैकी निवांत माणूस आहे, हे घरचेसुद्धा मान्य करतात. श्रेय हवापाण्याचं नाही. काही गोष्टी मी ठरवून करत नाही, एवढंच.

त्यातली सगळ्यात कठीण म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीचा भाव न विचारणं. हसू नका. आमच्याकडे हल्ली लग्न असो की बारावं, पंगतीत बसलं की विषय तिथेच येतो. अमक्याने भाट, म्हणजे माडांची बागायत, दिल्लीवाल्याला दिलं, चौरस मीटरला इतके घेतले. ऐकणारा पानावरचं गोड मणगणं विसरून आपल्या वाट्याचे मीटर मोजायला लागतो. मग आठवतं, जागा अजून आजोबांच्याच नावावर आहे, इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातली वारसांची वाटणी, झालेली नाही, एक चुलतभाऊ लंडनला आणि दुसरा बोलतच नाही. न मिळालेल्या पैशांसाठी माणूस रात्रभर कूस बदलत राहतो. मी अशा वेळी सरळ वाढप्याला हाक मारतो. दुसऱ्याला किती आले हे कळून माझ्या घरात एक पैसा वाढलेला मी तरी पाहिला नाही.

दुसरं, दुपारी दुकान बंद. एक ते चार. माझं स्टेशनरीचं दुकान आहे. शटर अर्धं खाली ओढलं की कोणीतरी वाकून आत डोकावतंच, "भाऊ, एकूच वही जाय!" त्याला वही देतो. त्याच्यामागून झेरॉक्सवाला आला की शटर पूर्ण खाली. घरी शीत, म्हणजे भात, आणि बांगड्याचं हुमण, म्हणजे आमटी; जून-जुलैत ६१ दिवस ट्रॉलर बंद असतात, तेव्हा सुक्या सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, किसमूर; सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी. मग पंख्याखाली लादीवर आडवा. फोन स्वयंपाकघरात. बाहेरचे याला आळस म्हणतात. सकाळी साडेआठ ते एक आणि चार ते आठ, किती तास झाले ते त्यांनीच मोजावं. मुलगा म्हणतो, बाबा, ऑनलाइनवाले दुपारी झोपत नाहीत. खरं आहे. पण ते हुमणही खात नाहीत.

रात्री नऊनंतर कुठल्याही ग्रुपवर उत्तर देत नाही. घराण्याचा असो, देवळाचा असो. सकाळपर्यंत बहुतेक भांडणं माझ्याशिवायच मिटलेली असतात, किंवा इतकी पुढे गेलेली असतात की माझी गरज उरत नाही.

आणि एक गोष्ट मात्र हट्टाने करतो: गावच्या उत्सवातलं नाटक. दीनानाथ मंगेशकर १९०० साली ज्या मंगेशीत जन्मले, तिच्या शेजारच्या गावात राहून मी गातो, हे धाडसच आहे. म्हणून मला बहुधा दूताचं काम मिळतं. "महाराजांचा विजय असो" म्हणायचं, खलिता द्यायचा, आत जायचं. तेवढ्यासाठी महिनाभर रात्री तालीम, चहा, भजी, प्रॉम्प्टरच्या शिव्या. यातून कमाई शून्य, नाव त्याहून कमी. पण त्या महिन्यात मला झोपेची गोळी लागत नाही, आणि दिवसा ज्यांच्याशी गटारावरून वाद असतो ते रात्री माझ्या मिशा चिकटवत असतात. सगळ्यांनी नाटकातच पडावं असं नाही, भजन करा, घुमट वाजवा. ज्यात आपण फारसे हुशार नाही असं काहीतरी असावं, म्हणजे कोणी स्पर्धेला येत नाही.

हे सगळं चवथीच्या आदल्या आठवड्यात लागू नाही. मखराचे कागद, झिरमिळ्या, दिव्यांच्या माळा घ्यायला अख्खा बाजार लोटलेला असतो आणि दुकान दुपारीही उघडं असतं. त्या दिवसांत मला शांत राहण्याबद्दल कोणी काही विचारू नये. सुटे पैसे घेऊन यावं.