दर रविवारी आंघोळ, तरी बुधवारी वास: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कुत्र्याची आंघोळ आणि दात यांवरच्या आमच्या लेखावर नाशिकच्या इंदिरानगरहून आलेली तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, आणि तिच्यातला थोडा राग रास्तही आहे. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सहा वर्षांचा लॅब्रॅडोर, दर रविवारी गंगापूर धरणाच्या पाण्यात पोहतो, घरी आल्यावर शाम्पूने आंघोळ होते, तरी बुधवारपर्यंत अंगाला कुबट वास सुटतो. मधूनमधून कान खाजवतो. तोंड जवळ आणलं की आपल्यालाच मान फिरवावी लागते. ‘महिन्यातून एकदा आंघोळ पुरे’ हा आमचा सल्ला पुस्तकी आहे. दही, लिंबू, कडुनिंब आम्ही उगाच मोडीत काढलं. आजोबांच्या वाड्यावरच्या कुत्र्यांचे दात कधी कुणी घासले नव्हते. भूल देऊन दात साफ करणं हा पैसे काढायचा धंदा आहे, ग्रूमर (कुत्र्यांची आंघोळ-केस बघणारा) तेच काम भुलीशिवाय करतो. आणि हंगामात द्राक्षं दिली की तोंड जरा बरं राहतं.

सुरुवात या शेवटच्या वाक्यापासून करू, कारण बाकी सगळं दोन दिवस थांबू शकतं. द्राक्षं आजपासून बंद. बेदाणे, मनुकाही बंद. नाशिकमध्ये हे सांगणं जिवावर येतं, पण द्राक्षांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. संशय आहे तो द्राक्षातल्या टार्टरिक आम्लावर. त्याचं प्रमाण वाणागणिक आणि पिकण्यागणिक बदलतं, म्हणूनच एक कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो आणि दुसरा चार-पाच मण्यांनी आजारी पडतो. ‘आमच्याला कधी काही झालं नाही’ याचा उपयोग पुढच्या घडापुरताही नाही. चिंचेतही हेच आम्ल भरपूर असतं, तेव्हा आमटीभाताची वाटीही नको. चुकून द्राक्षं खाल्लीच तर उलटीची वाट बघत बसू नका. पहिल्या दोन तासांत डॉक्टरकडे नेलं तर उलटी करवून पोटातून बरंच बाहेर काढता येतं. घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, मिठाचीच विषबाधा होते.

आता आंघोळ. इथे तुमचं बरोबर आहे. ‘महिन्यातून एकदा’ हे निरोगी कातडीच्या, घरात राहणाऱ्या कुत्र्यासाठी होतं आणि आम्ही ते सरसकट लिहिलं. लेखात दुरुस्ती केली आहे. पण दर आठवड्याच्या आंघोळीनंतरही तीन दिवसांत वास परत येत असेल, तर तो वास मळाचा नाही. मळाचा वास इतक्या लवकर परतत नाही. काहीतरी वाढतंय, आणि आंघोळीने ते फक्त ओलं होतंय.

म्हणून शाम्पूची बाटली बदलण्याआधी वास नेमका कुठून येतो ते शोधा. कुत्रा पूर्ण कोरडा असताना कापसाचे सहा बोळे घ्या. एक उजव्या कानाच्या तोंडाशी, एक डाव्या, एक पट्ट्याखाली मानेवर, एक काखेत, एक पुढच्या पायाच्या बोटांमध्ये आणि एक शेपटीखाली फिरवा. दुसऱ्या खोलीत जाऊन एकेक हुंगा. हसू येईल, पण ‘अख्ख्या कुत्र्याला वास येतो’ असं वाटणाऱ्या घरांत बहुतेक वेळा दोनच बोळे दोषी निघतात.

शेपटीखालचा बोळा कुजक्या माशासारखा येत असेल, तर गुदद्वाराशेजारच्या दोन ग्रंथी भरल्या आहेत. घड्याळात चार आणि आठ जिथे असतात साधारण तिथे त्या असतात. कुत्रा बूड फरशीवर घासत चालतो. त्या दर महिन्याला दाबून घ्यायची ग्रूमरांची पद्धत आहे ती सोडा. उगाच दाबल्याने सूज येते आणि मग खरोखरच तुंबतात. शी घट्ट बांधून आली की त्या आपोआप रिकाम्या होतात. लॅबच्या जेवणात दोन-तीन चमचे उकडलेला लाल भोपळा घाला, वजन जास्त असेल तर उतरवा. एका बाजूला लाल गाठ दिसली किंवा रक्त-पू आला तर मात्र डॉक्टरच.

तुमच्या वर्णनावरून आमचा कौल काख, पट्ट्याखालची मान आणि कान यांना आहे. तिथला वास आंबूस, शिळ्या आंबवलेल्या पिठासारखा असेल, कातडी तेलकट लागत असेल, काळपट-जाडसर होत चालली असेल, तर ते मॅलासेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, असण्याची शक्यता मोठी. हे यीस्ट प्रत्येक कुत्र्याच्या अंगावर थोडं असतंच. ओल आणि कातडीचं तेल मिळालं की ते फोफावतं. लॅबची आतली लव दाट. रविवारी धरणाचं पाणी, त्यावर आंघोळ, वरून टॉवेल फिरवला की केस कोरडे वाटतात, पण मुळाशी ओल रात्रीपर्यंत असते. नायलॉनचा भिजका पट्टा तसाच गळ्यात. जून ते सप्टेंबर हवाही दमट. म्हणजे यीस्टला दर आठवड्याला आमंत्रण.

खात्री कशी करायची? डॉक्टर पारदर्शक चिकटपट्टी कातडीवर दाबतात, रंग लावतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. यीस्टच्या पेशी भुईमुगाच्या छोट्या शेंगांसारख्या दिसतात, जिवाणू टिंबांसारखे. काम पंधरा-वीस मिनिटांचं. ही तपासणी न करता अंदाजाने इंजेक्शन देणारा डॉक्टर असेल तर तुमचा राग आम्हालाही मान्य आहे. विशेषतः स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, सगळे खूश होतात, आणि यीस्ट किंवा जंतू असले तर पुढे जोमाने परत येतात.

यीस्ट निघालं तर २ टक्के क्लोरहेक्सिडिन आणि २ टक्के मायकोनॅझोल असलेला शाम्पू, आठवड्यातून दोनदा, तीन ते चार आठवडे. औषध बरोबर असूनही गुण न येण्याची कारणं जवळपास नेहमी न्हाणीघरातच सापडतात. आधी कोरड्या अंगावर ब्रश फिरवून गळके केस काढा, नाहीतर शाम्पू केसांवरच राहतो. कोमट पाण्याने कातडीपर्यंत भिजवायला लॅबला दोन-तीन मिनिटं लागतात, वरचे केस पाणी झटकून टाकतात. बाटलीवर तसं सांगितलेलं नसेल तर शाम्पू बादलीत मिसळू नका, २ टक्क्यांचं औषध बादलीत नावालाही उरत नाही. काख, जांघ, मान, बोटांमधल्या जागा यांपासून सुरुवात करा, पाठ शेवटी. मग घड्याळ लावून दहा मिनिटं फेस अंगावर राहू द्या. अंदाजाची दहा मिनिटं म्हणजे प्रत्यक्षात तीन असतात. डोळ्यांत थेंबही जाऊ देऊ नका, क्लोरहेक्सिडिनने बुबुळाला इजा होते. नंतर निदान पाच मिनिटं धुवा.

आणखी एक चूक सुशिक्षित घरांत हमखास होते: आधी साबणाने ‘मळ काढायचा’, मग औषधी शाम्पू. साबणाचा अंश राहिला तर क्लोरहेक्सिडिन निष्प्रभ होतं. आधी साधा शाम्पू लावायचाच असेल तर तो पूर्ण निघेपर्यंत धुवा. सुकवताना टॉवेल घासू नका, दाबा. मग थंड किंवा जेमतेम कोमट हवेचा ड्रायर, बोटांनी केस उलटे करत. पट्टा काढून ठेवा आणि दोन पट्टे आलटून पालटून वापरा. अंथरुणाची खोळ त्याच दिवशी गरम पाण्यात धुवा, नाहीतर स्वच्छ कुत्रा जुन्याच वासात जाऊन लोळतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हे सगळं दुपारी बारानंतर करा.

दह्याचं सांगायचं तर त्यातले जीवाणू कातडीवर येऊन यीस्टशी लढत नाहीत. दह्याची स्निग्धता मात्र केसांच्या मुळाशी राहते आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच आंबते. लिंबू खाजवून सोललेल्या कातडीवर झोंबतं. कडुनिंबाच्या पाल्याचं गार केलेलं पाणी शेवटी ओतलं तर बिघडत नाही, फक्त त्याला उपचार समजू नका. कडुनिंबाचं तेल, खोबरेल तेल नको: यीस्टला स्निग्धता हवीच असते, आणि कुत्रा ते चाटतो. कापूर तर अजिबात नको, चाटण्यातून पोटात गेला तर झटके येऊ शकतात. फिनेलच्या जातीची जंतुनाशकं फरशीसाठी आहेत.

चार आठवड्यांनी वास गेला आणि दोन महिन्यांनी परत आला, तर मूळ खाज बहुतेक वेळा ॲलर्जीची असते. पिसवा-गोचिडांवरचं औषध बाराही महिने चालू आहे का ते आधी बघा. मग अन्न. एकच ठरलेला आहार पूर्ण आठ आठवडे, दुसरं काही नाही. इथे गाडी अडते ती चहाच्या वेळच्या ग्लुकोज बिस्किटावर. एका बिस्किटाने महिनाभराची परीक्षा फुकट जाते, आणि ते देणारं घरातलं माणूस कधीच कबूल करत नाही.

कानाचा बोळा तपकिरी, चिकट आणि वासाचा निघाला तर आधी डॉक्टरांना कानात दुर्बीण घालून पडदा शाबूत आहे का ते बघू द्या. फाटक्या पडद्यातून काही औषधं आत गेली तर बहिरेपण येऊ शकतं. पडदा ठीक असेल तर कानाचं औषधी द्रव कानात भरायचं, कानाच्या बुडाशी वीस-तीस सेकंद चोळायचं, पचपच आवाज आला पाहिजे. मग त्याला डोकं झटकू द्या आणि वर आलेला मळ कापसाने टिपा. काडीला कापूस लावून आत घालू नका. कुत्र्याची कानाची नळी आधी खाली आणि मग आत वळते, काडीने मळ त्या वळणात ठासला जातो. हायड्रोजन पेरॉक्साइडही नको.

आता तोंड, आणि आजोबांचा वाडा. वाड्यातलं कुत्रं ओसरीवर किंवा गोठ्याशी झोपायचं. त्याच्या तोंडाला वास येतो का हे बघायला कुणी नाक जवळ नेत नव्हतं, ओठ उचलून हिरड्या बघणं तर दूरच. आज तेच कुत्रं आपल्या उशीवर तोंड ठेवतं. वास नवा नाही, अंतर कमी झालंय. शिवाय दुधात कुस्करलेली भाकरी दात साफ करत नाही, दातांच्या मुळाशी लगद्यासारखी चिकटते. कुत्र्यांच्या तयार खाद्याचे कोरडे दाणेही दाताच्या टोकाला लागताच फुटतात, हिरडीपर्यंत पोचतच नाहीत.

ओठ वर उचलून वरच्या जबड्यातली मागची मोठी, कात्रीसारखी दाढ बघा. लाळेची एक नलिका तिच्यासमोरच उघडते, म्हणून थर पहिला तिथे बसतो. मऊ थर दोन-तीन दिवसांत लाळेतल्या क्षारांनी दगड होतो आणि मग ब्रशने निघत नाही. वास मात्र त्या दिसणाऱ्या पिवळ्या दगडाचा नसतो, हिरडीच्या खाली वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो. ग्रूमरकडचं भुलीशिवायचं काम इथेच फसतं. हलणाऱ्या कुत्र्याच्या हिरडीखाली आणि जिभेच्या बाजूला हत्यार नेता येत नाही, म्हणून दिसणारा भाग खरवडला जातो. दात पांढरे, रोग तसाच. पॉलिश न केल्याने दातावर ओरखडे राहतात आणि नवा थर अधिकच पटकन धरतो.

भुलीची भीती मात्र खोटी नाही. म्हणून तारीख घेण्याआधी विचारा: रक्त, किडनी, लिव्हर तपासणार का? प्लेटलेट बघणार का? (गोचीडतापाने त्या कमी झाल्या असतील तर हिरडीतून रक्त थांबत नाही.) श्वासनलिकेत नळी घालणार का? ही नळी फक्त भुलीसाठी नसते, घाण पाणी फुप्फुसात जाऊ नये म्हणूनही लागते. भुलीवर लक्ष ठेवायला वेगळं माणूस असेल का? शेवटी पॉलिश करणार का? नीट उत्तरं मिळाली नाहीत तर दुसरीकडे जा.

ब्रश त्यानंतर. दुखऱ्या हिरडीवर ब्रश सुरू केला तर कुत्रा तो जन्मभर लक्षात ठेवतो. पहिला आठवडा कुत्र्यांची पेस्ट नुसती बोटावर चाटू द्या. दुसऱ्यात ओठाखालून बोट दातांच्या बाहेरच्या बाजूने फिरवा. तिसऱ्यात लहान मुलांचा मऊ ब्रश, हिरडीशी तिरका धरून, प्रत्येक बाजूला तीस सेकंद. तोंड उघडायची गरज नाही. रोज करायचं. आठवड्यातून एकदा केलं तर तोवर दगड झालेला असतो. आपली पेस्ट नको, तिच्यात फ्लोराइड असतं आणि काहींत झायलिटॉल नावाचा गोडवा आणणारा पदार्थ, जो कुत्र्याला विष आहे. हाडं, कडक नायलॉनची खेळणी बंद: अंगठ्याचं नख रुतत नसेल इतकी कडक वस्तू तीच मोठी दाढ उभी चिरते. मग डोळ्याखाली सूज येते आणि लोकांना वाटतं काहीतरी चावलं.

श्वासाला अमोनियासारखा, मुतारीचा वास आणि कुत्रा पाणी फार पितोय, वाळतोय, तर दात नंतर, किडनीची तपासणी आधी. तुम्ही द्राक्षं देत आलात म्हणून ही तपासणी तशीही करून घ्या. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा गोडसर वास आणि मलूल कुत्रा असेल तर त्याच दिवशी साखर तपासा. एका रात्रीत सुटलेली दुर्गंधी असेल तर टाळूत आडवं अडकलेलं हाड किंवा काटकी शोधा.

तुमच्या लॅबसाठी क्रम असा धरा: या आठवड्यात रक्त, कातडीची चिकटपट्टी आणि कान, तिन्ही एकाच खेपेत. मग चार आठवडे शाम्पू. अहवाल ठीक आले तर पाचव्या-सहाव्या आठवड्यात दात. रविवारी धरणावर न्यायला हरकत नाही, पण कान बरे होईपर्यंत पाण्यात नको. काठावर लांब दोरी लावून ठेवा, कारण लॅबला हे पटणार नाही.