कमला खान आणि अल्फोनाची रेघ

'मिस मार्व्हल' या कॉमिकवर कुणीही लिहायला बसलं की पहिलं वाक्य ठरलेलं: स्वतःच्या नावाची मालिका मिळालेली मार्व्हलची पहिली मुस्लिम नायिका, कमला खान. बरोबरच आहे. २०१४ साली ही मोठीच गोष्ट होती, आणि पुढच्या वर्षी पहिल्या खंडाला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला. पण या सगळ्या कौतुकात चित्रकार एड्रियन अल्फोना कोपऱ्यात राहतो, हे काही मला पटत नाही. जी. विलो विल्सननं कमला लिहिली, मान्य. ती सोळा वर्षांची वाटते ती मात्र अल्फोनामुळे.

एरवी सुपरहीरोंची अंगं कशी असतात? सगळं पीळदार. अल्फोनाची रेघ बारीक, जराशी थरथरती. माणसं किडकिडीत, खांदे पडलेले. नुसती उभी असली तरी कमलाला आपल्या हातांचं काय करावं कळत नसावं असं वाटतं. आणि तिला शक्ती मिळते ती नेमकी अंग ताणायची, फुगवायची! वयात येणाऱ्या पोरीला आणखी काय छळायचं?

पहिल्या अंकात जर्सी सिटीच्या धुक्यात कमलाची लाडकी सुपरहीरो कॅप्टन मार्व्हल अवतरते. दोन्ही बाजूंना आयर्न मॅन आणि कॅप्टन अमेरिका, अगदी देवादिकांच्या तसबिरीसारखे, आणि बाईंच्या तोंडी अमीर खुसरोचं 'सकल बन फूल रही सरसों'. (हे पान मी उगाचच पुन्हा पुन्हा काढून बघतो.) दुसऱ्या अंकात पाण्यात पडलेल्या झोईला, शाळेतल्या मुलीला, कमला भलामोठा पंजा घालून वर काढते. अंगावर रूप उसनं, कॅप्टन मार्व्हलचं, सोनेरी केसांचं, पण तो बेढब पंजा शंभर टक्के तिचा.

इयन हेरिंगचे रंगही भडक नाहीत, मऊ आहेत. मागच्या पाट्याखोक्यांवर बारीक अक्षरांत विनोद पेरलेत, ते घाईत वाचणाऱ्याला दिसायचे नाहीत.

सहाव्या-सातव्या अंकात अल्फोनाच्या जागी चित्रकार जेकब वायट येतो. काम नीटनेटकं, मारामारी तर जास्तच स्पष्ट कळते. पण मला काही करमलं नाही.

२०२२ च्या टीव्ही मालिकेत कमलाची शक्तीच बदलली. कमला झालेली इमान वेल्लानी झकास आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण तिथे हात मोठा होतो तो चमचमत्या प्रकाशाचा. छान दिसतो, यात लाजायचं काय? आणि कॉमिकमधली निम्मी गंमत तर त्या लाजण्यातच होती.