‘तेव्हा चौकशी कुठे होती?’ होती की!

एक मजकूर सध्या गटागटांतून फिरतोय: ‘मध्ययुगीन युरोपात खेड्यात कुणी संशयास्पद मेलं तर चौकशी होतच नसे. देवाची करणी म्हणून पुरून टाकत, नाहीतर एखाद्या बाईला चेटकीण ठरवून जाळत. प्रेत तपासायची अक्कल एकोणिसाव्या शतकात आली.’ युरोप मोठा आहे. मी इंग्लंडपुरतं बोलतो, कारण तिथल्या नोंदी भरपूर टिकल्यात.

आधी ‘चौकशीच नव्हती’चं बघू. सप्टेंबर ११९४ मध्ये तिथे फर्मान निघालं, की प्रत्येक परगण्याने तीन नाइट (म्हणजे सरदार) आणि एक कारकून निवडावा आणि राजाच्या अखत्यारीतल्या फौजदारी बाबींची नोंद त्यांनी ठेवावी. संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, म्हणजे कोरोनर, हे पद यातूनच आलं. गावात प्रेत सापडलं, की ते ज्याला पहिल्यांदा दिसलं त्याने बोंब मारून गाव गोळा करायचं. त्याला जामीनदार द्यावे लागत, आणि जवळच्या चार शेजाऱ्यांनाही. म्हणजे प्रेत दिसलं हाच जणू गुन्हा. कोरोनर येईपर्यंत ते पुरायचं नाही. पुरलं तर गावाला दंड, शिवाय उकरून दाखवायचं ते वेगळंच. आसपासच्या चार गावांतल्या बारा वर्षांवरच्या पुरुषांना चौकशीला हजर राहावं लागे. ऐन सुगीतही.

न्यायाचा उमाळा आला होता म्हणून हे घडलं असं मात्र समजू नका. राजा रिचर्ड त्याच वर्षी फेब्रुवारीत कैदेतून सुटला होता आणि त्याच्या खंडणीपायी तिजोरीचा तळ दिसत होता. चूक झाली की दंड. फासावर गेलेल्याची चीजवस्तू राजाला. ज्या वस्तूमुळे जीव गेला ती गाडी, तो घोडा, ती उकळती कढई, तिचीही किंमत सरकारजमा! हा शेवटचा नियम तर १८४६ पर्यंत जिवंत होता. रेल्वेचे अपघात व्हायला लागले आणि इंजिनांची किंमत लावायची वेळ आली, तेव्हा कुठे तो गेला. त्यामुळे चौकशी होत नाही ही गावकऱ्यांची तक्रार नव्हतीच, ती फार होते ही होती. प्रेत गुपचूप शेजारच्या गावाच्या हद्दीत सरकवण्याचे उद्योग त्यातूनच होत.

आता अकलेबद्दल. १२७६ च्या कायद्यात कोरोनरला सांगितलंय: जखमेची लांबी, रुंदी, खोली बघ, ती कोणत्या अवयवावर आहे, कोणत्या हत्याराने झाली ते बघ, बुडालेला सापडला तर गळ्याभोवती दोरीचा वळ आहे का ते बघ. आपल्याकडे अकस्मात मृत्यूची नोंद झाल्यावर पोलीस पंचांसमोर प्रेताचा पंचनामा करतात, त्यात दुसरं काय लिहितात? शेजारपाजारची माणसं साक्षीला बोलावायची रीतही तीच. मुंबईत तर १९९९ पर्यंत कोरोनर होता, अगदी त्याच नावाने.

त्याच तेराव्या शतकात चीनमध्ये सोंग त्स या अधिकाऱ्याने १२४७ साली मृत्युतपासणीवर अख्खा ग्रंथ लिहिला. जळून मेलेल्याच्या तोंडा-नाकात राख असते, मेल्यावर जाळलेल्याच्या नसते, हे त्यात आहे. विळ्याची गोष्टही त्यातलीच: रस्त्याकडेला विळ्याचे दहाबारा वार झालेलं प्रेत, अंगावरचं सामान तसंच. म्हणजे लूट नव्हे, वैर. तपासणाऱ्याने शेजारच्यांचे सत्तर-ऐंशी विळे जमिनीवर मांडायला लावले आणि माश्या एकाच विळ्यावर घोंगावायला लागल्या. (हा तपास सोंग त्सने स्वतः केला असं सर्रास सांगतात. ग्रंथात एक बिननावाचा अधिकारी आहे. आपल्या बाजूच्या थापाही थापाच.)

चेटकिणींचं थोडक्यात. इंग्लंडमध्ये चेटुकविरोधी पहिला कायदा १५४२ चा, आणि शिक्षा फाशीची, जाळण्याची नव्हे. मोठ्या धरपकडी त्यानंतरच्या, म्हणजे मध्ययुग सरल्यावरच्या. तापलेलं लोखंड उचलायला लावण्यासारखी दिव्यं होती, हे खरं. पण १२१५ मध्ये चर्चने पाद्र्यांना त्यात भाग घ्यायला मनाई केली आणि १२१९ मध्ये इंग्लंडने ती सोडली.

मजकूर लिहिणाऱ्याला यंत्रणेची टरच उडवायची असती, तर खरा मसाला वेगळा होता. प्रेत बघायला डॉक्टर नसे. ज्यूरी गावचेच, त्यामुळे ते पुष्कळदा आरोपीला सोडून देत. आणि बहुतेकदा सोडायलाही कुणी हाती नसे. तो केव्हाच पळालेला, फार तर चर्चच्या आश्रयाला चाळीस दिवस बसलेला. मग कोरोनर वहीत लिहायचा: मृताचं नाव, वार किती, मारणारा फरार. आणि त्याच्याखाली, न चुकता, फरार माणसाच्या चीजवस्तूंची किंमत.