थंड वाळवंटातली माती 'मेलेली' नसते, प्लीज तो मेसेज पुढे पाठवू नका

परत तोच मेसेज फिरतोय. थंड वाळवंटातली, म्हणजे कडक थंडीच्या आणि अगदी कमी पाण्याच्या प्रदेशातली, माती म्हणजे नुसता दगडाचा चुरा, तिच्यात जीव नाही, असलेच काही जंतू तर थंडीने गोठून पडलेत, तिथलं नायट्रेट (नायट्रोजनचं खतासारखं रूप) सगळं आकाशातून पडलेलं त्यामुळे नायट्रोजनचं चक्र (हवा, माती आणि जीव यांच्यातली त्याची ये-जा) बंदच, आणि शेवटी दोन वाक्यं जी मला खरंच टोचली: थोडी ओल वाढली की तिथे आपोआप हिरवळ येईल, आणि तोवर त्या जमिनीवर गाड्या फिरवल्या तरी बिघडण्यासारखं तिथे आहे काय. यातल्या काही गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत म्हणूनच तो लोकांना पटतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

"मातीत जीवच नाही"

ही समजूत जुनी आहे. 1903 च्या डिसेंबरात कॅप्टन स्कॉट अंटार्क्टिकातल्या टेलर व्हॅलीत उतरला तेव्हा त्याला ना शेवाळ दिसलं ना दगडफूल, दिसला तो एका सीलचा सांगाडा, आणि त्याने तिला मेलेल्यांची दरी म्हणून टाकलं. पुढे 1970 च्या सुमारास मंगळावर यान पाठवायची तयारी चालली होती तेव्हा ह्याच भागातली, म्हणजे मॅकमर्डो ड्राय व्हॅलीज नावाच्या बर्फ नसलेल्या कोरड्या दऱ्यांमधली माती मंगळासारखी समजून लॅबमध्ये जंतू वाढवायच्या प्लेटवर घालून बघितली, काही नमुन्यांत काहीच उगवलं नाही, झालं, माती निर्जंतुक आहे असं ठरलं. वुल्फ व्हिश्नियाक नावाच्या मायक्रोबायॉलॉजिस्टला ते पटलं नव्हतं. तो काचपट्ट्या तिथल्या मातीतच पुरून ठेवायचा आणि त्यांच्यावर काय वाढतं ते बघायचा, आणि वाढ त्याला दिसलीही. 10 डिसेंबर 1973 ला ते पुरलेलं सामान गोळा करायला गेला असताना तो उतारावरून पडला आणि गेला. मला ह्या माणसाची आठवण हा मेसेज वाचला की दरवेळी येते.

प्लेटवर उगवलं नाही म्हणजे नाहीच, असं धरून चालायचं हीच मुळात चूक होती, कारण मातीतले बहुतेक जंतू लॅबमधल्या प्लेटवर वाढतच नाहीत. डीएनए वाचायची सोय झाल्यावर त्याच दऱ्यांमधल्या मातीत भरपूर प्रकारचे बॅक्टेरिया सापडले. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर अंटार्क्टिकातल्याच शॅकलटन ग्लेशियरजवळच्या अगदी उंचावरच्या, खारट, कोरड्या मातीचे काही नमुने असे निघालेत की सगळ्या पद्धती वापरूनही त्यात जंतूंचा माग लागला नाही. पण त्या मोजक्या जागांवरून गोबी, तिबेटचं पठार, लडाख, अमेरिकेतलं कोलोरॅडो पठार सगळ्यांना एकाच मापाने मोजायचं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं झालं.

"थंडीत जंतू काम करत नाहीत"

हवेचं तापमान बघून मातीचं ठरवू नका. उन्हाळ्यात ऊन थेट पडलं की वरची माती आणि दगड काही तास शून्याच्या बरेच वर जातात, तेवढ्यात कामं उरकून घेतली जातात. शिवाय कॅनडाच्या आर्क्टिक भागातल्या कायम गोठलेल्या मातीतून काढलेला एक बॅक्टेरिया उणे 15 अंशांनाही वाढताना दिसलाय. खाणार काय म्हणाल, तर 2017 मध्ये अंटार्क्टिकातल्या मातीवरच्या कामातून कळलं की तिथले काही बॅक्टेरिया हवेतला अगदी नखभर हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड जाळून त्यावर गुजराण करतात. ऊन नाही, झाडाचा पालापाचोळा नाही, नुसती हवा.

"नायट्रेट आकाशातून पडतं, जंतूंचा त्यात हात नाही"

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, कारण हा अर्धा बरोबर आहे. ड्राय व्हॅलीजच्या उंचावरच्या जुन्या मातीत जे नायट्रेट साठलंय त्यातलं बरंचसं वातावरणातच तयार होऊन खाली पडलेलं आहे, त्यातल्या ऑक्सिजनच्या आयसोटोपवरून (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) ते ओळखता येतं. तिथे ते धुऊन न्यायला पाणी नाही आणि खायला फारसं कोणी नाही, म्हणून पडून राहतं. इतकंच काय, डॉन हुआन पाँड नावाच्या प्रचंड खारट डबक्याजवळ नायट्रस ऑक्साइड वायू निघतो तो जंतूंमुळे नाही, खारट पाणी आणि खडक यांच्या रिॲक्शनमधून निघतो. हे सगळं मान्य.

पण थोडं खाली या, जिथे उन्हाळ्यात ग्लेशियर वितळून आठ-दहा आठवडे ओढे वाहतात. ओढ्याच्या काठाला काळपट, सुकल्यावर कागदासारखा कुरकुरीत होणारा पापुद्रा असतो, तो नॉस्टॉक. हा सायनोबॅक्टेरिया (उन्हावर अन्न तयार करणारा बॅक्टेरिया) मायक्रोस्कोपखाली मण्यांच्या माळेसारखा दिसतो आणि माळेत दर दहा-वीस मण्यांनंतर एक मणी वेगळा असतो, जाड भिंतीचा, फिकट. हवेतला नायट्रोजन पकडायचं काम तिथे चालतं. त्या मण्याला वेगळी भिंत का, तर हे काम करणारं नायट्रोजिनेज एन्झाइम ऑक्सिजन लागला की खलास होतं, आणि शेजारचे मणी तर प्रकाशसंश्लेषण करून दिवसभर ऑक्सिजन सोडत असतात. हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे खरा पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने इतके घट्ट धरलेले असतात की एक रेणू फोडायला पेशीला एटीपीचे, म्हणजे तिच्या ऊर्जेच्या चलनाचे, निदान 16 रेणू खर्च करावे लागतात. इतक्या गरीब जागी जंतू एवढा खर्च करतात, म्हणजे आकाशातून पडणारं सगळीकडे पुरत नाही हे उघड आहे. असेच नायट्रोजन पकडणारे जंतू अर्धपारदर्शक गारगोटीच्या खालच्या बाजूलाही चिकटून राहतात, वरून गाळून प्रकाश येतो, खाली ओल जरा जास्त टिकते, वारा लागत नाही.

पुढचं चक्रही तिथे आहे. मेलेल्या पेशींमधून अमोनियम सुटतं, त्याचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया आणि आर्किया (बॅक्टेरियासारखेच पण वेगळ्या कुळातले एकपेशी जीव) त्या मातीत सापडलेत. टेलर व्हॅलीतल्या ग्रीन क्रीकमध्ये मुद्दाम नायट्रेट सोडून बघितलं तर शेवाळाच्या थरांनी वाटेतच ते ओढून घेतलं. हे चक्र बंद नाही, तुटक आहे, माती सुकली की कणांभोवतीची पाण्याची पातळ फिल्म तुटते, खाऊ एकीकडे आणि खाणारा दुसरीकडे अडकून राहतो, परत ओल आली की परत जोडलं जातं.

"थोडी ओल आली की हिरवळ येईल"

ओल किती आणि कशी, ते कोण विचारणार? कोलोरॅडो पठारावर, जे थंड वाळवंटच आहे, तिथे एका प्रयोगात उन्हाळ्यात 1.2 मिलिमीटरचे छोटे शिडकावे नेहमीपेक्षा जास्त वेळा दिले. एका मोसमात जमिनीवरचं मॉस साधारण 25 टक्क्यांवरून 2 टक्क्यांच्या खाली आलं. पाणी दिल्यामुळे मेलं! कारण सुकून झोपलेलं मॉस पाण्याने जागं होतं, जागं होताच श्वसनात कार्बन खर्च करायला लागतं, आणि तो भरून काढण्याइतकं प्रकाशसंश्लेषण व्हायच्या आत परत सुकून जातं. दरवेळी थोडा तोटा, आणि शेवटी गंगाजळी संपते. मॉस गेल्यावर मातीतलं नायट्रोजनचं गणितही बदललं. शिवाय मातीवरची ह्या जिवांची कोरडी खपली भिजली की तिच्यातून नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रस ॲसिडचे वायू हवेत निघून जातात, म्हणजे जमवलेल्या नायट्रोजनमधलं थोडं हातचंही जातं.

उलट बाजूही सांगते. टेलर व्हॅलीतच एका जुन्या कोरड्या प्रवाहात, जिथे साधारण दोन दशकं नीट पाणी आलं नव्हतं, 1990 च्या दशकात मुद्दाम ओढ्याचं पाणी वळवलं, आणि पहिल्याच आठवड्यात तिथले सुकलेले सायनोबॅक्टेरियाचे थर जागे झाले. पण ते थर तिथे आधीपासून शाबूत होते म्हणून झाले ना.

"गाड्या फिरवल्या तर काय बिघडतं"

हे जिवंत थर, म्हणजेच ती खपली, असतात जमिनीच्या वरच्या काही मिलिमीटरमध्ये. टायर किंवा बुटाखाली ती खपली चुरली की तिचे धागे तुटतात, वारा ती भुकटी घेऊन जातो, नाहीतर वाळूखाली गाडली जाऊन तिला प्रकाशच मिळत नाही, आणि नायट्रोजन पकडणारे नेमके त्याच थरात असतात. सायनोबॅक्टेरिया त्यातल्या त्यात लवकर परत येतात, दगडफुलांना अनेक दशकं लागतात. वर्षातून मोजके ओले दिवस मिळणाऱ्या जिवाने भरून तरी कधी काढायचं?

ड्राय व्हॅलीजना 2004 पासून खास व्यवस्थापनाचं क्षेत्र म्हणून दर्जा आहे. तिथे कॅम्प करणारे संशोधक आपली लघवीसुद्धा बाटलीत भरून परत घेऊन येतात, कारण लघवीत युरिया असतो, आणि युरिया म्हणजे त्या मातीला एरवी एवढा कधी न मिळणारा आयता नायट्रोजन.