मित्रबुरशी आणि बुरशीनाशक एकाच पिंपात नको
‘लागवडीपूर्वी रोपांची मुळे बिव्हेरियाच्या द्रावणात बुडवावीत आणि त्यातच नेहमीचे बुरशीनाशक मिसळल्यास मजुरी वाचते’ हे तुमच्या अंकातील मित्रबुरशींवरील लेखातील विधान मला गंभीर चूक वाटते. बिव्हेरिया व मेटारायझियम या कीडनियंत्रणासाठी वापरल्या जाणाऱ्या मित्रबुरशी, म्हणजे स्वतःच बुरशी आहेत. त्यांचे बीजाणू किडीच्या त्वचेला चिकटून रुजतात, आत शिरतात आणि काही दिवसांत किडीला मारतात, म्हणून कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकात ते रुजण्याआधीच निकामी होण्याची शक्यता मोठी असते. नारायणगावजवळच्या आमच्या टोमॅटोच्या प्लॉटमध्ये एका दुकानदाराच्या सल्ल्याने मी नेमके हेच केले होते आणि पंधरवड्यात कोवळ्या रोपांवर पांढरी माशी व फुलकिडे पूर्वीइतकेच दिसू लागले. पुढच्या हंगामात बुरशीनाशक वेगळे ठेवले, द्रावण सायंकाळी वापरले (कडक उन्हातील अतिनील किरणांनी बीजाणू मरतात) आणि वाफशावर (जमिनीत बेताचा ओलावा असताना) लागवड केली, तेव्हा फरक स्पष्ट दिसला, जरी त्यात हवामानाचाही वाटा असणार.

लेखात आणखी एक इशारा हवा होता. शेजारी तुतीची बाग व रेशीम कीटकसंगोपन असेल तर बिव्हेरियाची फवारणी टाळावी, कारण इटालियन शास्त्रज्ञ आगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ मध्ये रेशीमकिड्यांच्या ज्या रोगाचे मूळ दाखवून दिले, तो याच बुरशीमुळे होतो. आपल्या जिल्ह्यात रेशीमशेती करणारे शेतकरीही हा लेख वाचत असतील, त्यामुळे संपादकांनी ही दुरुस्ती लेखाच्या सुरुवातीलाच द्यावी, अशी माझी विनंती आहे.