कॉलेजच्या सोलरसाठी पैसा शोधताय? आधी वीजबिलांची फाईल काढा

कॉलेजच्या छतावर सोलर बसवायचा विषय निघाला की बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अनुदान किती मिळेल?" या एका प्रश्नापायी आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांची वर्षं वाया गेली, असं माझं ठाम मत आहे. प्रकल्पाचा पैसा दर महिन्याला वीजबिलातून बाहेर जातोय आणि आपण तो दुसऱ्यांच्या दारात शोधतोय.

पीएम सूर्यघर योजनेच्या ७८ हजारांपर्यंतच्या अनुदानाबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं. २०२४ साली आलेली ती योजना घरगुती ग्राहकांसाठी आहे, कॉलेज त्यात बसत नाही. मग मोर्चा वळतो सीएसआरकडे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि शिक्षण व पर्यावरण हे दोन्ही विषय त्या यादीत आहेत. त्यामुळे मागायला हरकत काहीच नाही. पण कंपन्या स्वाभाविकपणे आपल्या कारखान्याच्या आसपास खर्च करतात. ज्या तालुक्यात एमआयडीसीच नाही, तिथल्या कॉलेजने काय करायचं? शिवाय हा पैसा एकदाच येतो. आठ-दहा वर्षांनी इन्व्हर्टर बदलायची वेळ येईल तेव्हा देणगीदार कंपनी सोबत असेलच असं नाही.

आता साधा हिशोब बघा. महाराष्ट्रात १ किलोवॅटचं सोलर वर्षाला साधारण १,४०० युनिट देतं. १०० किलोवॅटचे झाले १ लाख ४० हजार युनिट. किलोवॅटला ५० हजार रुपये खर्च धरला तर प्रकल्प ५० लाखांचा. युनिटमागे ८ रुपये वाचतात असं धरलं तर वर्षाची बचत ११ लाख २० हजार, म्हणजे साडेचार वर्षांत पैसे वसूल. पॅनलची वॉरंटी बहुधा २५ वर्षांची असते. सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या साहित्यावरचा जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. फक्त एक सांभाळा. काही विक्रेते एकूण बिलाला युनिटने भागून बचत दाखवतात. बिलातला स्थिर आकार किंवा मागणी आकार (वीज किती वापरली यावर अवलंबून नसलेला भाग) सोलरमुळे कमी होत नाही, त्यामुळे तो वगळूनच हिशोब करायचा.

हाताशी ५० लाख नसतील तर रेस्को हा मार्ग आहे. कंपनी स्वतःच्या खर्चाने आपल्या छतावर प्रकल्प उभारते आणि आपण ठरलेल्या दराने तिच्याकडून वीज घेतो. यातली खुबी अशी की सोलरवर ४० टक्के घसारा (झिजेपोटी करात मिळणारी वजावट) मिळतो, पण आयकरातून सूट असलेल्या ट्रस्टला त्याचा उपयोग नसतो. कर भरणाऱ्या कंपनीला असतो, आणि म्हणूनच ती आपल्याला कमी दर देऊ शकते. करार मात्र १५ ते २५ वर्षांचा असतो, तेव्हा तो ओळ न ओळ वाचा. सुट्टीत वीज वापरली नाही तरी पैसे द्यावे लागतील, असं कलम त्यात आहे का? उद्या इमारतीवर मजला चढवायचा झाला तर पॅनल हलवायचा खर्च कोणाचा? मे महिन्यात कॉलेज बंद आणि ऊन सगळ्यात कडक, हे कॅम्पसचं खास गणित आहे. नेट मीटरिंग (ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करायची सोय) असेल तर तेव्हा ग्रिडला गेलेले युनिट जून-जुलैच्या ढगाळ महिन्यांत वळते होतात. मार्चअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटना मात्र फार कमी भाव मिळतो. म्हणून वर्षभराच्या वापरापेक्षा मोठा प्रकल्प उभारू नये.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. हार्वर्ड विद्यापीठाने २००१ साली ३० लाख डॉलरचा फिरता निधी सुरू केला. विभागांनी त्यातून बिनव्याजी कर्ज घ्यायचं, ऊर्जाबचतीची कामं करायची आणि वाचलेल्या बिलातून ते फेडायचं. पुढे तो निधी १ कोटी २० लाख डॉलरपर्यंत वाढवला. हार्वर्डकडे पैसा अमाप आहे हे खरं, पण ही पद्धत राबवायला अमाप पैसा लागत नाही. आपल्या पतसंस्था आणि बचतगट याच तत्त्वावर उभे आहेत. १० किलोवॅटने सुरुवात करा. वर्षाला लाखभर रुपये वाचतील. ते वेगळ्या खात्यात टाका आणि त्यातून पुढचे पॅनल घ्या.

आपल्याकडे नेमकं इथेच घोडं अडतं. वाचलेले पैसे सर्वसाधारण खात्यात मिसळतात आणि रंगरंगोटीत किंवा स्नेहसंमेलनात खर्च होतात. ज्या प्राध्यापकाने धडपड करून प्रकल्प आणला, त्याच्या हाती पुढच्या कामासाठी दमडी येत नाही. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, मूल्यांकनात पर्यायी ऊर्जेबद्दल विचारतात, म्हणून चार पॅनल लावायचे, फोटो अहवालात घालायचा आणि विषय संपवायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याचा मला मनापासून राग येतो. पाच वर्षं धूळ खात पडलेले पॅनल पाहून विद्यार्थी सौरऊर्जेबद्दल काय शिकणार?

माजी विद्यार्थ्यांनाही कमानीसाठी किंवा सभागृहासाठी हाक मारण्यापेक्षा या फिरत्या निधीसाठी मारा. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलांना "तुझ्या ५० हजारांतून १ किलोवॅट" हे लगेच समजतं. परदेशात असलेल्यांचं एक लक्षात ठेवा. भारतीय पासपोर्ट असलेल्यांची देणगी नेहमीच्या बँकेतून घेता येते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांकडून घ्यायची असेल तर संस्थेला एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालची नोंदणी लागते.

संस्थाचालक आणि प्राचार्यांना माझी विनंती एवढीच. टेंडर काढण्याआधी ठराव करून घ्या की सोलरमुळे वाचलेली रक्कम दर महिन्याला स्वतंत्र खात्यात जाईल आणि ऊर्जेच्या कामाखेरीज कशालाही वापरली जाणार नाही. पॅनल बसल्यावर हा विषय काढाल तर उशीर झालेला असेल, कारण तोवर ती बचत पुढच्या अंदाजपत्रकात खर्चीही पडलेली असते.