आजारपणाचा खाडा

२१ नोव्हेंबर २०२५ला चार कामगार संहिता (नवे कामगार कायदे) लागू झाल्या, तेव्हापासून आमच्या नाशिकच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडलेत. अंबडला छोटं वर्कशॉप चालवणारे काका म्हणतात, रजिस्टरांचा जाच तेवढा संपू दे. सातपूरला ठेकेदाराकडे लागलेला मावसभाऊ म्हणतो, आधी आजारपणाची रजा द्या. मी इंग्लंडमध्ये लेस्टरला पगारपत्रकं बनवते, म्हणून दोघेही मला साक्षीला बोलावतात.

रक्कम ऐकून भाऊ हिरमुसतो. इथे मालकाने द्यायचा कायदेशीर आजारपगार २०२५-२६मध्ये आठवड्याला ११८.७५ पौंड होता, तोही जास्तीत जास्त २८ आठवडे. पहिले तीन दिवस कोरडेच जायचे. ती अट एप्रिल २०२६पासून गेली. त्या मानाने आपला राज्य कामगार विमा (ईएसआय) उदारच: सरासरी रोजाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत.

पण नोंदीत आपण मार खातो. इथे सात दिवसांपर्यंत कामगाराने स्वतः लिहून दिलेलं चालतं, पुढे डॉक्टरांची चिठ्ठी. गंमत म्हणजे आजारपगाराच्या ठरावीक नोंदी ठेवायची सक्ती ब्रिटनने २०१४मध्येच काढली. तरी मी तारखा, चिठ्ठ्या, दिलेले पैसे, सगळं जपून ठेवते. कर खात्याने विचारलं किंवा कामगार तक्रारीला गेला, तर उत्तर मालकाला द्यावं लागतं. म्हणून काकांचं मला निम्मं पटतं. रजिस्टरं करा की कमी, खुशाल.

भावाला डेंग्यू झाला तेव्हा मात्र मस्टरवर नुसता खाडा पडला. गावाला गेला, दांडी मारली, तापाने फणफणला, सगळ्याला एकच खाडा! पुढे ठेकेदाराने दोन महिने त्याचं नाव विम्याच्या वर्गणीतूनच गाळलं. विम्याचा आजारपणाचा लाभ मिळायला सहा महिन्यांत ७८ दिवसांची वर्गणी लागते. ती भरणार कुठून? रजा वाढवून मागणाऱ्यांनी आधी हा हिशेब मागावा, असं माझं मत आहे.

काकांना म्हटलं, हजेरी मोबाइलवर घेताच, त्यात 'आजारी' असा एक रकाना टाका, ठेकेदाराकडून आलेल्या पोरांसाठीसुद्धा. ते म्हणाले, "ती माणसं आमची नव्हेत गं." वर्कशॉपला विमा लागू असेल, तर त्या पोरांची वर्गणी भरायची पहिली जबाबदारी कायद्याने मूळ मालकावरच येते, नंतर ती ठेकेदाराकडून वसूल करावी. हे लिहिल्यापासून काका ग्रुपवर फक्त सुप्रभात पाठवतात.